ओमाहाला जायचं तर पहिल्या आठवड्यात: कॉलेज वर्ल्ड सिरीजचा वृत्तांत

अमेरिकेत राहणारे बरेच मराठी लोक बेसबॉल बघतात तो व्यावसायिक लीगचा. कॉलेजचं बेसबॉल बघायला नेब्रास्कातल्या ओमाहाला मुद्दाम जाणारे फार थोडे. जे जातात तेसुद्धा बहुतेक अंतिम सामन्यांची तिकिटं काढतात. जून २०२५ मध्ये तिथे जाऊन आल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या बेसबॉलची ही राष्ट्रीय स्पर्धा, बघायची तर पहिल्या आठवड्यात, हरलेल्या संघांचे सामने सुरू होतात तेव्हा. त्यासाठी आधी स्पर्धेची रचना समजून घ्यायला हवी.

आपल्याला बाद पद्धत माहीत आहे आणि साखळी पद्धत माहीत आहे. ओमाहाची पद्धत या दोन्हींच्या मधली आहे. एका पराभवाने संघ बाहेर जात नाही, दुसऱ्या पराभवाने जातो. देशभरातून निवडलेले ६४ संघ आधी १६ ठिकाणी चार-चारच्या गटात याच पद्धतीने खेळतात. तिथले १६ विजेते जोडीजोडीने तीनपैकी दोन जिंकण्याची मालिका खेळतात, तिला सुपर रीजनल म्हणतात. त्यातून उरलेले आठ संघ ओमाहाला येतात. इथे पुन्हा चार-चारचे दोन गट, पुन्हा दोन पराभवांची मुभा, आणि दोन गटविजेत्यांमध्ये तीन सामन्यांची अंतिम मालिका. म्हणून ओमाहात कमीत कमी १४ आणि जास्तीत जास्त १७ सामने होतात.

कागदावर हे सोपं दिसतं, पण खरी मेख पिचरमध्ये, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूमध्ये, आहे. चांगला पिचर एका सामन्यात शंभरच्या आसपास चेंडू टाकतो आणि मग त्याच्या खांद्याला काही दिवस विश्रांती लागते. पहिला सामना जिंकणारा संघ सलग तीन विजयांत अंतिम मालिकेत पोहोचू शकतो आणि मध्ये त्याला सुट्टीचे दिवस मिळतात. पहिला सामना हरलेल्या संघाला चार जिंकावे लागतात, तेही कमी विश्रांतीत. त्यातले शेवटचे दोन तोवर एकदाही न हरलेल्या संघाविरुद्ध असतात. म्हणजे पहिला पराभव गुणतक्त्यात लहान दिसला तरी त्याची किंमत पुढचे चार दिवस पिचरच्या खांद्यांतून वसूल होत असते. प्रशिक्षक आपला सर्वांत चांगला पिचर आज वापरतो की उद्यासाठी राखतो, हे बघण्यातच अर्धी मजा आहे.

आम्ही शिकागोहून गाडीने गेलो, मी आणि माझा भाचा. तो शाळेच्या संघात खेळतो, त्यामुळे वाटेत समजावण्याचं काम त्याच्याकडे होतं. शिकागो ते ओमाहा साधारण साडेसातशे किलोमीटर, जवळजवळ सगळा रस्ता इंटरस्टेट ८० वरून आयोवाच्या मक्याच्या शेतांतून. सात तास धरून चाला. रेल्वेनेही जाता येतं, पण शिकागोहून सुटणारी कॅलिफोर्निया झेफर ओमाहाला रात्री उशिरा पोहोचते. विमानतळ मात्र शहराला अगदी लागून आहे. तिथून स्टेडियमकडे येताना मध्येच आयोवाचा एक तुकडा लागतो, कार्टर लेक. मिसुरी नदीने कधीकाळी पात्र बदललं आणि हा आयोवाचा भाग नदीच्या नेब्रास्काच्या बाजूला राहून गेला.

शनिवारी संध्याकाळी एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) आर्कान्सॉला ४-१ ने हरवलं. त्याआधी दुपारी यूसीएलएने (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) मरे स्टेटला ६-४ असं हरवलं होतं. मरे स्टेट हे केंटकीतलं छोटं विद्यापीठ, पहिल्यांदाच ओमाहात आलेलं. आपल्या पहिल्या गटात ते चौथ्या, म्हणजे शेवटच्या मानांकनाचे होते, आणि तिथून ओमाहा गाठणारा स्पर्धेच्या इतिहासातला तो फक्त चौथा संघ. या दोन पराभूतांची गाठ सोमवारी दुपारी होती. जो हरेल तो घरी.

त्या दुपारी आर्कान्सॉच्या गेज वुडने जे केलं ते बघायला मिळालं याचा आनंद आजही ओसरलेला नाही. सात इनिंग (डाव, सामन्यात नऊ असतात) एकही बॅटर बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या थांब्यावरसुद्धा, पोहोचला नाही. आठव्यात एकाला चेंडू लागला म्हणून बेस मिळाला, तेवढंच. नऊ इनिंगमध्ये ११९ चेंडू, १९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), एकही हिट (फटका मारून मिळवलेला बेस) नाही, एकही वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) नाही. आर्कान्सॉ ३-० ने जिंकलं. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर एकाच गोलंदाजाने एका बाजूने दहाच्या दहा बळी घेण्याइतकी दुर्मिळ गोष्ट. कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये असा नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता पूर्ण टाकलेला सामना, याआधी फक्त दोनदा झाला होता, १९५० मध्ये टेक्ससच्या जिम एर्लरचा आणि १९६० मध्ये ओक्लाहोमा स्टेटच्या जिम विक्सनचा. म्हणजे ६५ वर्षांनी.

सहाव्या इनिंगनंतर मी फलकाकडे बोट दाखवून काही म्हणणार, तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, आता त्याबद्दल एक शब्दही काढू नकोस." नो-हिटर चालू असताना त्याचं नाव घ्यायचं नाही, असा इथला संकेत आहे. मी बघितलं तर आजूबाजूची माणसं हवामानाबद्दल, पार्किंगबद्दल, कशाबद्दलही बोलत होती, फक्त त्याबद्दल नाही. शेवटच्या इनिंगमध्ये मरे स्टेटचे प्रेक्षकसुद्धा उभे होते.

अंतिम सामन्याचीच तिकिटं काढून बसलेल्यांना हे दिसलं नाही. एलएसयूने पुढे कोस्टल कॅरोलिनाला दोन सामन्यांत हरवून आपलं आठवं विजेतेपद घेतलं, ते उत्तम बेसबॉल होतं यात शंका नाही. पण या स्पर्धेचा जीव हरलेल्यांच्या बाजूला असतो. २०१८ चं ओरेगन स्टेट बघा. पहिलाच सामना नॉर्थ कॅरोलिनाकडून हरले, तिथून चढत अंतिम मालिकेत आले, तिथेही पहिला सामना आर्कान्सॉकडून हरले. दुसऱ्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये आर्कान्सॉ विजेतेपदापासून एका आउटवर होतं आणि उंच उडालेला फाउलचा, म्हणजे रेषेबाहेर गेलेल्या चेंडूचा, झेल तीन खेळाडूंच्या मध्ये जमिनीवर पडला. त्याच इनिंगमध्ये ओरेगन स्टेटने बरोबरी साधली, ट्रेव्हर लार्नाकने होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारला, सामना ५-३. दुसऱ्या दिवशी केविन एबलने पूर्ण नऊ इनिंग टाकून ५-० ने विजेतेपद मिळवून दिलं. एकाच वर्षी ओमाहात चार विजय मिळवणारा तो पहिला पिचर. एका पराभवात घरी पाठवणाऱ्या स्पर्धेत हे घडलंच नसतं.

ही रचना एकदम तयार झालेली नाही. १९४७ मध्ये मिशिगनच्या कॅलमझू गावात पहिली स्पर्धा झाली तेव्हा अंतिम फेरीला दोनच संघ आले, कॅलिफोर्निया आणि येल. कॅलिफोर्निया जिंकलं. येलच्या पहिल्या बेसवर जॉर्ज बुश थोरले उभे होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. पुढच्या वर्षीही येल हरलं, यूएससीकडून (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ). १९४९ ला स्पर्धा कॅन्ससमधल्या विचिटाला गेली आणि १९५० पासून ओमाहात आहे. सुरुवातीची अनेक वर्षं इथे तोटाच झाला. तरी शहरातले व्यापारी आणि पुढे महापौर झालेले जॉनी रोझनब्लॅट यांच्यासारखे लोक मागे हटले नाहीत. पुढे स्टेडियमला त्यांचंच नाव दिलं गेलं. १९८७ पर्यंत आठही संघ एकाच तक्त्यात दोन पराभवांच्या नियमाने खेळत. १९८८ पासून दोन गट आणि एकच अंतिम सामना आला. कारण टीव्हीला अंतिम सामन्याचा दिवस आधी ठरलेला हवा होता. १९९९ मध्ये संघ ६४ झाले आणि सुपर रीजनल आलं, २००३ पासून अंतिम फेरी तीन सामन्यांची झाली. माझ्या मते हा शेवटचा बदल सगळ्यांत न्याय्य. इतके दिवस पिचर जपून आणायचे आणि एका वाईट संध्याकाळी सगळं गमवायचं, हे बरोबर नव्हतं. अर्थात १९९६ साली एलएसयूच्या वॉरन मॉरिसने नवव्या इनिंगमध्ये दोन आउट असताना होमरन मारून मायामीला ९-८ हरवलं, तो थरार एकाच सामन्याच्या फायनलचा होता, हेही मान्य करायला हवं.

बॅटचा इतिहासही मैदानात ऐकू येतो. कॉलेजमध्ये १९७४ पासून ॲल्युमिनियमच्या बॅट चालतात, त्यामुळे फटक्याचा आवाज ठणठणीत धातूचा असतो. १९९८ च्या अंतिम सामन्यात यूएससीने ॲरिझोना स्टेटला २१-१४ हरवलं, तेव्हा या बॅट किती जोरकस झाल्या होत्या ते सगळ्यांना दिसलं. २०११ पासून कमी उसळीच्या बॅट सक्तीच्या झाल्या आणि त्याच वर्षी नवं स्टेडियम सुरू झालं. इथे बॅटर आग्नेयेकडे तोंड करून उभा राहतो आणि जूनमधला दक्षिणेचा वारा बहुतेकदा चेंडू आत ढकलतो. २०१३ मध्ये १४ सामन्यांत मिळून तीन होमरन झाले, २०१४ मध्ये १६ सामन्यांत तीनच. मग २०१५ पासून कमी उंच शिवणीचा, जास्त लांब जाणारा चेंडू आणला गेला.

आता जाणाऱ्यांसाठी. स्पर्धा जूनच्या मध्यावर शुक्रवारी सुरू होते. आदल्या दिवशी संघांचा सराव बघायला मोफत सोडतात आणि खेळाडू सह्याही देतात, मुलं बरोबर असतील तर हा दिवस सोडू नका. पहिल्या दिवसांत रोज दोन सामने असतात, २०२५ मध्ये दुपारी एक आणि संध्याकाळी सहाचे होते, आणि प्रत्येकाचं तिकीट वेगळं. रविवार, सोमवार आणि मंगळवार हे दिवस धरा. बाद होण्याचे पहिले सामने रविवार-सोमवारी दुपारी होतात. बाहेरच्या मैदानामागची जनरल ॲडमिशनची तिकिटं सगळ्यांत स्वस्त, पण तिथे जागा राखीव नसते, दरवाजे उघडायच्या बऱ्याच आधी रांगेत उभं राहावं लागतं आणि दुपारभर ऊन सहन करावं लागतं. थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे किंवा पहिल्या बेसच्या बाजूला, वरच्या ओळी घ्या. ऊन कललं की सावली आधी तिथे येते. पिशवी पारदर्शक न्या.

वादळाचा अंदाज रोज बघा. आम्ही होतो त्या सोमवारी रात्री एलएसयू आणि यूसीएलएचा सामना विजांमुळे चौथ्या इनिंगमध्ये थांबला आणि उरलेला मंगळवारी सकाळी खेळवला. यूसीएलए तो हरले आणि त्याच संध्याकाळी त्यांना आर्कान्सॉशी पुन्हा खेळावं लागलं. तेही हरले आणि स्पर्धेबाहेर गेले. पिचरचं गणित कोलमडतं ते असं. परतीचं विमान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेचं घेऊ नका.

स्टेडियमजवळची हॉटेलं त्या दिवसांत फार महाग होतात. नदीपलीकडे आयोवातल्या काउन्सिल ब्लफ्समध्ये बघा. बॉब केरी पूल फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी आहे, तो ओलांडून स्टेडियमला चालत येता येतं आणि पार्किंगचे पैसे वाचतात. शाकाहारी लोकांनी स्टेडियममध्ये पिझ्झा, नाचोज, पॉपकॉर्न यावर दिवस काढायची तयारी ठेवावी. ओल्ड मार्केटमध्ये विटांच्या रस्त्यांवर बरीच उपाहारगृहं आहेत, सामन्यांच्या मधल्या वेळात तिथे जा. हिंदू मंदिर शहराच्या पश्चिम भागात आहे, तिकडे जायला गाडी लागते.

एक सकाळ हेन्री डोरली प्राणिसंग्रहालयासाठी ठेवा. जुनं रोझनब्लॅट स्टेडियम त्याच्या शेजारीच होतं. ते २०१२ मध्ये पाडलं, पण त्या जागेवर लहान मुलांना खेळता येईल असं छोटं मैदान राखलं आहे. ओमाहाशी स्पर्धेचा करार २०३५ पर्यंतचा आहे, म्हणून घाई नाही. मात्र पहिल्या आठवड्याच्या खोल्या मेच्या अखेरीस संघ ठरायच्या आधीच घेऊन ठेवा, रद्द करता येतील अशा. आठ संघांची नावं कळली की त्यांचे पाठीराखे आसपासच्या खोल्या भराभर घेऊन टाकतात.