थाप, व्हॉपर आणि पोर्की

मराठीत थाप तबल्यावर पडते, पाठीवर पडते आणि मारलीही जाते. फटका आणि खोटं यांचं हे नातं ब्रिटनमधल्या बोलीतही आहे. ‘व्हॉप’, ‘थंप’, ‘वॉलप’, ‘व्हॅक’ ही सगळी बदडण्याची क्रियापदं. शेवटी ‘इंग’ लागलं की अर्थ होतो भलामोठा. ‘थंपिंग मेजॉरिटी’ म्हणजे आपलं दणदणीत बहुमत. दणका दोन्हीकडे तोच. मात्र ‘स्पँकिंग न्यू’ म्हणजे मोठं नव्हे, कोरं करकरीत.

‘व्हॉपर’ अठराव्या शतकापासून दोन्ही कामं करतो: भलीमोठी वस्तू आणि भलंमोठं खोटं. गळाला लागलेला दांडगा मासा व्हॉपर, आणि त्याच माशाची वाढवून सांगितलेली लांबीही व्हॉपर. (बर्गर किंगचा व्हॉपर बराच नंतरचा, १९५७चा.) ‘व्हॉपिंग’ बहुधा आकड्याआधी येतो: ‘अ व्हॉपिंग थ्री हंड्रेड पाउंड्स’. पाउंड तीनशे असले तरी सुरुवातीचा ‘अ’ हवाच. आपली माणसं नेमका तोच गाळतात.

दुसरी चूक क्रियापदाची. आपण खोटं ‘बोलतो’, म्हणून तोंडात ‘स्पीक’ किंवा ‘से’ येतं. इंग्रजीत खोटं ‘टेल’ करतात: ‘टेल अ लाय’, ‘टेल अ व्हॉपर’, लहान मुलांच्या किरकोळ खोट्यासाठी ‘टेल अ फिब’.

‘टेलिंग पोर्कीज’ ऐकून गोंधळू नका. लंडनच्या ईस्ट एंडमधल्या यमकी बोलीत ‘लाय’ला ‘पोर्क पाय’ जुळवलं गेलं आणि पुढे त्याचं ‘पोर्की’ झालं. हा शब्द हसत म्हणायचा, मित्राला किंवा घरच्यांना. वरिष्ठांना किंवा तक्रारीच्या पत्रात कधीच नाही.

तिथं ‘लायर’ही नको, तो सरळ आरोप ठरतो. हाउस ऑफ कॉमन्समध्येही सहकारी सदस्याला खोटारडा म्हणता येत नाही. चर्चिल यांनी १९०६मध्ये तिथं वापरलेला ‘टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड’ (शब्दांतली अचूकतेची उणीव) हा शब्दप्रयोग पुढे खोट्याचं सभ्य नाव म्हणून रूढ झाला. ऑफिसात ‘दॅट इजन्ट क्वाइट राइट’ एवढं पुरतं, आणि समोरच्याला ते बरोबर कळतं.

नुसत्या आकारासाठी ‘जायनॉर्मस’ (‘जायगँटिक’ आणि ‘इनॉर्मस’ यांची जोडणी, जोर ‘नॉर’वर) आणि मूळचा अमेरिकन ‘ह्यूमंगस’ सर्रास ऐकू येतात. त्यांच्याआधी ‘व्हेरी’ लावला की कानाला खटकतं, कारण ‘खूप’ त्यांच्या पोटातच आहे. ‘ॲब्सोल्यूटली जायनॉर्मस’ चालतं. दुकानातल्या पुड्यांवरचा ‘जंबो’ रुजला तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या जंबो हत्तीमुळे. तो तिथं १८६५मध्ये आला आणि १८८२मध्ये अमेरिकेतल्या बार्नमच्या सर्कशीला विकला गेला. पाकिटाला, कोळंबीला, विमानाला जंबो म्हणा. माणसाला म्हटलं तर अपमान होतो.