उचकी

ह्यांना उचकी लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कोणीतरी आठवण काढतंय." मग त्यांनी नणंदेचं नाव घेतलं, आत्याचं घेतलं, भावकीतल्या दहा जणांची घेतली. उचकी काही थांबेना. सोबत चक्कर आणि उलट्या. जवळच्या दवाखान्यात पित्त म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. मलाही ते पटलं. माणूस बोलत होता, दोन्ही हात हलत होते, तोंड वाकडं नव्हतं. लकवा म्हणजे काय ते आपल्याला माहीत असतं ना!

दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला दिलं तर ते नाकातून बाहेर आलं. आवाज घोगरा झालेला. डावी पापणी अर्धी मिटलेली. मग मात्र थेट मिरज गाठलं. हाही लकवाच, आणि त्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे तिथे कळलं. तोवर एक अख्खी रात्र गेली होती. ती रात्र मी अजून मोजते.

मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे दोन रक्तवाहिन्या जातात, त्यांतल्या डावीचं आतलं अस्तर फाटलं होतं. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. मला साडीचा फॉल आठवला. थोडा उसवला की त्यात अंगठा अडकतो आणि पुढे उसवतच जातो. तसं रक्त त्या फटीत शिरलं, गुठळी धरली आणि मेंदूच्या बुडाशी रक्त पोचेना. गिळणं, तोल, उचकी, सगळ्यांचा कारभार तिथेच असतो म्हणे. वय ४४. बीपी नाही, शुगर नाही.

"मानेला काही झटका?" डॉक्टरांनी विचारलं. श्रावण लागायच्या आधीचा रविवार होता, सलूनमध्ये ही गर्दी. कटिंग झाल्यावर नेहमीसारखी चंपी आणि मग मान कडाकड मोडून घेतलेली. त्यानंतर पाच दिवस मान आणि डोक्याची मागची बाजू दुखत होती. आम्ही बाम चोळला. डॉक्टर म्हणाले, त्यानेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, कधी जोराच्या शिंकेनंही होतं, कधी कारण सापडतच नाही. पण इथून पुढे मान मोडून घ्यायची नाही.

घरी आणलं तेव्हा नाकात नळी होती. ती निघाल्यावर मला एक नवीनच गोष्ट कळली. गिळायला सगळ्यांत अवघड काय, तर साधं पाणी. पातळ असल्यामुळे ते चुकून श्वासनलिकेत उतरतं. म्हणून पाण्यात पावडर घालून ते दाट करायचं, हनुवटी छातीकडे घ्यायची, एक चमचा, थांबा, दुसरा चमचा. खिरीसारखं पाणी पिताना ह्यांचा चेहरा बघवत नसे. सतरा वर्षं रोज सकाळचा चहा ह्यांनी केलाय, आणि आता त्याच चहात मी पावडर ढवळत होते. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडत असे. पाणीपट्टी वाढली असेल.

भेटायला येणारे म्हणत, "छान दिसताय की! हातपाय तर चालतात." चालतात, पण तोल डावीकडे जातो. हॉलच्या भिंतीवर हाताच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटलाय. आणि उजव्या अंगाला गरम-गार कळत नाही, दुखलेलंही कळत नाही. चेहऱ्याचं मात्र उलटं, तिथे डावी बाजू बधिर. हे पाहुण्यांना समजावून सांगायचं मी सोडून दिलं. मुलाच्या मागे मोटरसायकलवर बसून हे फिजिओथेरपीला गेले त्या दिवशी संध्याकाळी तेल लावताना मला ह्यांच्या उजव्या पोटरीवर रुपयाएवढा फोड दिसला. सायलेन्सर लागला होता. ह्यांना पत्ताच नाही. "दुखत नाही ना, मग काय!" असं हेच मला वर म्हणाले. त्या दिवशी मी खूप ओरडले, नको तेवढी.

तेव्हापासून आंघोळीच्या पाण्यात आधी डावा हात, हा नियम. सुरुवातीला मीच हात घालून बघायचे. एके दिवशी हे म्हणाले, "तू बाहेर थांब." मी दाराबाहेर कान लावून उभी राहिले.

दिवाळीच्या सुमारास, तीन महिन्यांनी, पुन्हा अँजिओग्राफी झाली. रक्तवाहिनी बरीचशी भरून आली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी चालूच राहणार. दाट पाणी बंद झालंय. उचकी अजून कधीतरी लागते, तेव्हा सासूबाई आता कोणाचंच नाव घेत नाहीत.

केस फार वाढले म्हणून सलूनवाल्या दादांना घरीच बोलावलं. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, बिचारे दारातच घाबरले होते. ह्यांनीच त्यांना "या, बसा" म्हटलं. कटिंग झाली आणि सवयीनं दादांचे दोन्ही हात ह्यांच्या डोक्यावर टेकले. क्षणभर तिथेच राहिले. मग त्यांनी हात उचलले आणि टॉवेल झटकायला घेतला.

मी चहा टाकायला उठले, तर हेच म्हणाले, "मी टाकतो," आणि भिंतीला हात लावत आत गेले.