पिकअप बदलल्यावर पेडलची मांडणी नव्यानं करताना

आमची भीमगीतांची गायन पार्टी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत फिरते. एप्रिलमध्ये तर उसंत नसते. मंडपात गिटारला वेगळा अँप्लिफायर नसतो. मल्टिइफेक्ट पेडलमधून, म्हणजे आवाजावर निरनिराळे इफेक्ट चढवणाऱ्या पायाशी ठेवायच्या पेटीतून, वायर सरळ साऊंडवाल्याच्या मिक्सरला जाते. माझ्या स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) धाटणीच्या गिटारचे सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे एकाच कॉइलचे चुंबक, तिथं फार घरघरायचे. लायटिंगच्या माळा, ट्रान्सफॉर्मर, सगळीकडची 50 हर्ट्झची घूं ते उचलतातच. यावरचा तोडगा 1955 साली गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी काढला. उलट्या गुंडाळीच्या आणि उलट्या चुंबकाच्या दोन कॉइल जोडल्या की घरघर आपसात कटते, तारेचा आवाज मात्र मिळून वाढतो. या जोडीच्या पिकअपलाच हंबकर म्हणतात.

म्हणून ब्रिजपाशी सिंगल कॉइलच्याच खाचेत मावणारा, रेल पद्धतीचा (सुट्या खुंट्यांऐवजी सलग पट्ट्यांचा) हंबकर घेतला. सोल्डरिंग गावातल्या मोटार वायंडिंगवाल्या काकांनी करून दिलं. तारांचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात, त्यामुळे सोबतचा कागद समोर ठेवूनच जोडणी केली. जोडल्यावर मधल्या पिकअपसोबत वाजवून पाहावं. आवाज पोकळ, पातळ आला तर फेज उलटी आहे, म्हणजे दोन पिकअप एकमेकांचा आवाज कापताहेत.

खरं काम पुढं होतं. जुन्या पॅचवर (पेडलमध्ये सेव्ह केलेल्या सेटिंगवर) ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवणाऱ्या इफेक्टचा, नुसता चिखल झाला आणि बास घुमू लागला. हंबकरचा आउटपुट मोठा. शिवाय तो तार दोन जागी ऐकतो, त्यामुळे वरचे बारीक स्वरांश थोडे कटतात. त्यात व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) 250 किलोओमचा. हंबकरला सहसा 500 चा लावतात, पण बाकीचे दोन पिकअप सिंगल कॉइल असल्यानं मी तो तसाच ठेवला.

पेडलला हात लावण्याआधी गिटार नीट केली. शेवटच्या पट्टीवर तार दाबून पिकअपचं अंतर दोनेक मिलिमीटर ठेवलं. मग सगळे इफेक्ट बंद करून इनपुट लेव्हल उतरवली, जोरकस स्ट्रोकलाही लाल दिवा लागू नये इतकी. त्यानंतर मोठे आवाज दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड (तो कामाला लागतो ती पातळी) वर नेला, ड्राइव्ह बराच कमी केला. इक्यूमध्ये 100 हर्ट्झच्या खालचं कापलं आणि 3 किलोहर्ट्झच्या आसपास थोडं उचललं. हे मोठ्या बॉक्सवर, कार्यक्रमातल्या आवाजातच करावं. हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, आणि घरी गोड वाटलेला पॅच मंडपात घुमतो.

सगळ्यात जास्त वेळ मी नॉइज गेटला, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या इफेक्टला, दिला. घरघर झाकायला त्याचा थ्रेशोल्ड वर ठेवावा लागायचा, त्यामुळे संथ गाण्यात विरत जाणारा स्वर मधेच तुटायचा. गायक आलाप घेत असताना मागं गिटारचा एक सूर उभा राहायला हवा, नेमका तोच जायचा. आता थ्रेशोल्ड इतका खाली आणला, की न वाजवलेली गिटार जेमतेम गप्प राहते. हार्मोनियमवाले दादा म्हणाले, "आता तुहा सूर शेवटपर्यंत आयकू येते रे भाऊ." पिकअपचा सगळा खर्च मला या एका नॉबवर वसूल झाल्यासारखा वाटतो.

डिले आणि रिव्हर्बला फारसं काही करावं लागलं नाही. नेकच्या सिंगल कॉइलसाठी मात्र जुन्या गेटचा पॅच वेगळा सेव्ह करून ठेवला आहे, कारण तिथली घरघर अजून तशीच आहे.