दोन किलो स्पाइस

इंग्लंडात शेफील्डला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. मागच्या अंगणात मी कपडे वाळत घालत होते, म्हणजे तिथल्या हवेत वाळतील या आशेवर तारेला लावत होते. कमरेएवढ्या भिंतीपलीकडून शेजारच्या आजोबांनी एक कागदी पिशवी पुढे केली आणि म्हणाले, "डझ दा वाँट सम स्पाइस, लव्ह?"

त्यातला 'दा' डोक्यावरून गेला. 'लव्ह' ऐकून दचकले. 'स्पाइस' मात्र लख्ख कळला. परमुलखात शेजारी आपणहून मसाला विचारतोय म्हटल्यावर मला भरूनच आलं. मी म्हटलं, नको, थँक यू, आम्ही इंडियातून दोन किलो आणलाय, आईने घरी केलेला. आजोबांच्या भुवया वर गेल्या. "दोन किलो?" हो, वर्षभर पुरवायचा असतो. "रोज खाता?" रोज, दोन्ही वेळेला. त्यांनी माझ्या दातांकडे का पाहिलं ते तेव्हा कळलं नाही. शेजारधर्म म्हणून मी लगेच घरात जाऊन छोट्या डबीत थोडा मसाला घालून त्यांना आणून दिला. खरं तर आमच्या सांगलीकडे त्याला मसाला नाही, कांदा-लसूण चटणीच म्हणतात, पण तो घोळ आणखी वेगळा.

दुसऱ्या दिवशी डबी घासूनपुसून परत आली. आजोबा एवढंच म्हणाले, "बाय एक!" म्हणजे तिकडचं 'बाप रे!'

आठवडाभराने हॉस्पिटलमधल्या एका सहकारणीला हे सांगितलं तेव्हा ती हसूनहसून भिंतीला टेकली. यॉर्कशायरच्या या भागात जुनी माणसं गोळ्या-चॉकलेटला 'स्पाइस' म्हणतात. पूर्वी खाऊ म्हणजे आलंबिलं घातलेले गोड पदार्थ, त्यावरून आलेला शब्द. आजोबांच्या पिशवीत लिंबाच्या गोळ्या होत्या. अलीकडे याच नावाची एक घातक नशा निघाली आहे, त्यामुळे नातवंडांना चारचौघांत "स्पाइस घे" म्हणायची आजीआजोबांना चोरी झाली आहे.

मी फिजिओथेरपिस्ट. इंग्रजीची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास होऊन इकडे आले होते. येण्याआधी बोलीभाषेतल्या शब्दांची थोडी तयारीही केली होती: 'एनिथिंग'ऐवजी 'आउट', 'नथिंग'ऐवजी 'नाउट' असलं काहीबाही. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की, या शब्दांना भ्यायचं कारणच नाही. अनोळखी शब्द प्रामाणिक असतो. तो तोंडावरच सांगतो की मी तुला माहीत नाही, विचार कुणाला तरी. केसाने गळा कापतो तो ओळखीचा शब्द.

हे मला पुण्यातच कळायला हवं होतं. कॉलेजसाठी गेले तेव्हा पहिल्याच रविवारी एका नातेवाइकांकडे जेवायला होते. काकू म्हणाल्या, "आज पोळी-भाजीच केलीय हं." आमच्याकडे रोजची ती चपाती. पोळी म्हणजे पुरणाची, सणाची. भाजी कमी घेऊन, पोटात जागा ठेवून मी शेवटपर्यंत पुरणाची वाट बघत बसले. मग ताक आलं.

शेफील्डमध्ये तर पदोपदी पुरणाची वाट बघणं झालं. एका सहकाऱ्याने घरी बोलावलं, "साडेपाचला टीला या." चहालाच जायचं म्हणून नवरा आणि मी घरून व्यवस्थित जेवून निघालो, वर रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून बिस्किटांचा पुडा घेतला. बघतो तर टेबलावर मीट अँड पोटॅटो पाय, वाटाणे, ग्रेव्ही. उत्तर इंग्लंडमध्ये 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण आणि 'डिनर' म्हणजे दुपारचं. शाळेत दुपारी मुलांना जेवण वाढणाऱ्या बायका 'डिनर लेडी', हे मला मुलगी शाळेत गेल्यावर कळलं. त्या दिवशी आम्ही तासाभरात दुसऱ्यांदा जेवलो. खराखुरा चहा आला तोही शब्दाचा गोंधळ घालूनच. यजमानीणबाई उठता उठता म्हणाल्या, "शॅल आय मॅश?" आणि मला वाटलं, आता आणखी बटाटे! 'मॅश' करायचं म्हणजे चहा करायचा, किटलीत मुरू द्यायचा.

मग 'वाइल'. हा दिसायला सगळ्यात गरीब आणि सगळ्यात बिलंदर. "माझी ड्यूटी नाइन वाइल फाइव्ह," असं कुणी म्हणालं की नऊ ते पाच समजायचं. इथे 'वाइल' म्हणजे 'पर्यंत'. माझा वरिष्ठ एका पेशंटला उभं करायच्या आधी मला म्हणाला, "मी परत येतोय वाइल सुरू करू नकोस." पुस्तकी इंग्रजीत याचा अर्थ, तो येत असताना करू नकोस, एरवी कधीही कर. मी तो जायच्या आतच सुरू केलं. रेल्वेच्या फाटकाबद्दल यॉर्कशायरचे लोक एक किस्सा रंगवून सांगतात: पाटीवर लिहिलं होतं, 'वेट वाइल लाइट्स फ्लॅश', म्हणून गडी लाल दिवा लागेपर्यंत थांबला आणि तो लागल्याबरोबर निघाला. ऐकणारे हसतात. मला त्या गड्याची बाजू पटते.

हॉस्पिटलात मात्र गंमत अर्धीच. नव्वदीच्या एका आजी व्यायामाच्या मधेच म्हणाल्या, "आयॅम स्टार्व्ड, लव्ह." मी धावत जाऊन बिस्किटं आणली. त्यांनी ती शहाण्यासारखी बाजूला ठेवली आणि पुन्हा तेच म्हणाल्या. मग टोस्ट आणला. तिसऱ्या वेळी त्यांनी माझा हात धरून आपल्या पायाला लावला. बर्फ. इथल्या जुन्या बोलीत 'स्टार्व्ड' म्हणजे थंडीने गारठलेली. मूळ जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ नुसता 'मरणे'. जर्मनमध्ये त्याचा भाऊ अजून त्याच अर्थाने नांदतो. प्रमाण इंग्रजीने त्यातलं भुकेचं मरण तेवढं ठेवलं, उत्तरेने थंडीचंही ठेवलं, आणि हिवाळ्यातलं शेफील्ड बघता ते योग्यच केलं. मी त्यांना ब्लँकेट पांघरलं. माझे स्वतःचे दोन स्वेटर बघून त्या म्हणाल्या, "दा'र्ट नेश, लव्ह." 'नेश' म्हणजे थंडी न सोसणारं, नाजूक. हा शब्द अनोळखी, म्हणून लगेच विचारला आणि लगेच कळला. बघा, म्हणते ते खरं आहे की नाही.

ब्रेडचंही तसंच. शेफील्डमध्ये गोल पावाला 'ब्रेडकेक' म्हणतात. केक ऐकून कुणी हुरळू नये, त्यात चिप्स भरून खातात. डोंगर ओलांडून मँचेस्टरला गेलं की तो 'बार्म' होतो, खाली डार्बी-नॉटिंगहॅमला 'कॉब', कॉव्हेंट्रीत 'बॅच'. वेस्ट यॉर्कशायरच्या काही भागांत याच साध्या पावाला 'टीकेक' म्हणतात आणि बाकीच्या देशात टीकेक म्हटलं की त्यात मनुका असतात, म्हणजे तिथेही कुणीतरी पुरणाची वाट बघत बसलेलं असणार. घरांमधल्या बोळाला शेफील्डला 'जेनल', लीड्सला 'गिनल', लेस्टरला 'जिटी', हलला 'टेनफूट', पार दक्षिणेला ससेक्समध्ये 'ट्विटन'. सांगली ते पुणे एवढ्या टप्प्यात बोळाचा बोळच राहतो.

मी यावर एक युक्ती काढली. नाव न घेता बोट दाखवायचं आणि विचारायचं, "याला काय म्हणता तुम्ही?" फार पुढे कळलं की ही युक्ती माझ्या आधीच शास्त्र होऊन बसली होती. लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी 1950 ते 1961 या काळात इंग्लंडभर 313 ठिकाणी माणसं पाठवून बोलींची पाहणी केली. तेराशेहून अधिक प्रश्न, आणि ते असे रचलेले की विचारणाऱ्याच्या तोंडून मूळ शब्द निघू नये. गाईंना ठेवता त्या जागेला काय म्हणता, असं विचारायचं आणि गप्प बसायचं. उत्तरं देणारे बहुतेक म्हातारे खेडूत. आयुष्यभर ज्या शब्दांवरून हसू झालं, ते लिहून घ्यायला विद्यापीठातून माणूस आलाय, हे बघून त्यांना काय वाटलं असेल!

त्याच्याही आधीचा जोझेफ राइट तर मला आमच्याकडच्या कुठल्याही गावातला वाटतो. जन्म 1855, ब्रॅडफर्डजवळ. सहाव्या वर्षी खाणीवर गाढवं हाकायला, मग सॉल्टेअरच्या गिरणीत. पंधरा वर्षांचा होईपर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं. हा मुलगा पुढे ऑक्स्फर्डला भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि त्याने 1898 ते 1905 या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. त्या खंडांत आजोबांचा 'स्पाइस'ही आहे. पुण्यात पहिल्या वर्षी मी "मी गेलो, मी आलो" म्हणायचे तेव्हा होस्टेलच्या मुली फिदीफिदी हसायच्या. दोन महिन्यांत मी 'गेले, आले' शिकले. राइटसाहेबांनी बोली सोडली नाही, कोश केला. असो.

राहिला तो 'दा'. म्हणजे 'दाउ', म्हणजे चक्क 'तू'. प्रमाण इंग्रजीने 'तू' कधीच टाकून दिला आणि सगळ्यांना एकजात 'यू' करून टाकलं. साऊथ यॉर्कशायरच्या म्हाताऱ्यांनी तो जपून ठेवला. शेफील्डकरांचे 'दी' आणि 'दा' हे उच्चार ऐकून शेजारच्या बार्न्झली गावचे लोक त्यांना 'डी-डा' म्हणून चिडवतात. आणि 'तू' आहे म्हटल्यावर मानापमानही आलेच. इथली जुनी म्हण आहे, तिचा भावार्थ असा: मला अरे-तुरे करू नकोस, स्वतःला करून बघ आणि कसं वाटतं ते सांग. ही म्हण ऐकली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की, या लोकांशी मला मराठीतून बोलता आलं असतं. पहिल्याच भेटीत आजोबांनी मला 'दा' म्हटलं होतं. तो अपमान होता की माया, हे मात्र कुणाला विचारावं लागलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आई तीन महिने आली होती. तिला इंग्रजी येत नाही. पहिल्या आठवड्यात मी तिला एकटीला अंगणात सोडायलाही भीत होते. आणि ती भिंतीपाशी उभी राहून आजोबांशी अर्धा अर्धा तास बोलायची. ती सांगलीच्या मराठीत, ते डी-डा भाषेत. टोमॅटोच्या रोपांवर दोघांचं एकमत झालेलं मी खिडकीतून पाहिलं. एकदा आजोबांनी तीच ती कागदी पिशवी पुढे केली आणि काहीतरी म्हणाले. आईने पिशवीत डोकावून दोन गोळ्या घेतल्या, एक लगेच तोंडात टाकली, एक माझ्या मुलीसाठी पदराला बांधली आणि आत आली.

"काय म्हणत होते गं मघाशी?" मला विचारलं.

"मसाला घ्या म्हणत होते."

आईने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "काहीतरीच काय सांगतेस," ती म्हणाली, "लिंबाची आहे."