हॉटमिक्सचं लेखाशीर्ष

पर्वरीला गोव्याच्या विधानसभेत अर्थसंकल्प मांडला गेला की त्या संध्याकाळी नाक्यानाक्यावर एकच हिशेब चालतो: इतके हजार कोटी, मग आमच्या वाड्यावरचा रस्ता असा का? राग रास्त आहे, पण दिवस चुकतो. टीव्हीवर झळकणारा आकडा खर्चाचा नसतो, अंदाजाचा असतो. २०२५-२६ साठी तो सुमारे २८ हजार कोटींचा होता. त्यातले किती खरोखर उचलले गेले, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या मतदारसंघात, हे अर्थमंत्र्यांच्या भाषणात सापडत नाही. ते दुसऱ्या कागदांत असतं, आणि त्यातले बरेचसे कागद कुणालाही बघता येतात.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक ओळीसमोर चार आकडे असतात. दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. बातमी चौथ्याची होते, वाचायचा असतो तो पहिला. दोन वर्षांपूर्वीचं पुस्तक शेजारी उघडून त्यातला अंदाज आणि आताच्या पुस्तकातला प्रत्यक्ष खर्च एका ओळीत मांडला की कोणत्या घोषणा नुसत्याच छापल्या गेल्या ते कळतं. विरोधी पक्षसुद्धा हे फारसं करत नाहीत, कारण त्यात घोषणाबाजीला वाव नाही.

त्या ओळींच्या डाव्या बाजूला लेखाशीर्षाचे, म्हणजे जमाखर्चाच्या प्रकाराचे, चार अंक असतात. पहिला अंक बघायचा. ० किंवा १ असेल तर महसुली जमा, २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली खर्च, ६ किंवा ७ म्हणजे कर्जं. २०४९ म्हणजे व्याज, २०७१ म्हणजे निवृत्तिवेतन. ही दोन आणि पगार मिळून जे जातं ते कोणत्याही सरकारला हलवता येत नाही, त्यामुळे त्यावर आगपाखड करून हाती काही लागत नाही. रस्त्यांची दोन शीर्षं आहेत: देखभालीला ३०५४, नव्या बांधकामाला ५०५४. नियम साधा आहे. नवी मालमत्ता उभी राहिली तर भांडवली, आहे ती टिकवली तर महसुली. पण निवडणुकीच्या आधी पडणारं हॉटमिक्स, म्हणजे गरम डांबरी मिश्रणाचा थर, यातलं काय? त्याच रस्त्यावर, तेवढ्याच रुंदीत नवा थर पडला तर ती देखभाल. कामाच्या नावात ‘सुधारणा व रुंदीकरण’ आलं की तेच काम भांडवली बाजूला जाऊन बसू शकतं, आणि सरकारने विकासावर अधिक खर्च केल्याचं दिसतं. म्हणून कामाचं नाव आणि शीर्ष दोन्ही बघायचं.

आता रस्त्याचंच गणित. एक किलोमीटर लांब, साडेपाच मीटर रुंद रस्ता, त्यावर ३० मिलिमीटर जाडीचा थर. १००० × ५.५ × ०.०३ म्हणजे १६५ घनमीटर. दाबून बसलेल्या डांबरी मिश्रणाचं वजन घनमीटरला साधारण २.३ ते २.४ टन धरलं तर ३८०-३९५ टन माल लागतो. सोळा टनांचा टिपर असेल तर चोवीसेक खेपा. थर ३० ऐवजी २० मिलिमीटरचा बसला तर खेपा सोळाच होतात. गावातल्या कुणी एक दिवस टिपर मोजले तरी फरक उघडा पडतो. मोजणारा नसेल तर वजनकाट्याच्या पावत्या मागायच्या.

मागायच्या कशा? साबांखाच्या (सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) संबंधित विभागाच्या माहिती अधिकाऱ्याकडे, दहा रुपये शुल्क भरून, आणि प्रश्न विचारण्याऐवजी कागद मागून. ‘रस्ता लवकर का उखडला?’ याला उत्तर द्यायला कायदा अधिकाऱ्याला बांधत नाही. ‘या कामाचा अंदाजपत्रकीय तक्ता, कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची संबंधित पानं, वजनकाट्याच्या पावत्या, पूर्णत्वाचा दाखला, दोषदायित्वाचा कालावधी आणि सुरक्षा ठेव परत केल्याची तारीख’ याला बांधतो. मुदत तीस दिवसांची. उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, मग नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. गोव्याने माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता, केंद्राच्या आठ वर्षं आधी. तरी आजही ‘पळोवया’ (बघूया) हेच आमचं सर्वात टिकाऊ सरकारी उत्तर आहे. त्या यादीतला सर्वात मोलाचा कागद दोषदायित्वाच्या कालावधीचा. त्या मुदतीत उखडलेला रस्ता कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. मुदत संपेपर्यंत कुणी लेखी तक्रार केली नाही, तर पुढचा थर पुन्हा आपल्याच पैशांतून पडतो.

डांबर का उखडतं याचीही कारणं ठरलेली आहेत. मिश्रण वाटेत थंड झालेलं असतं, मग रोलर कितीही फिरवला तरी ते बसत नाही. गटार नसतं, पाणी कडेने आत शिरतं आणि खालची खडी सैल होते. आणि खास आमच्याकडचं कारण: नवा थर पडून महिना होत नाही तोच पाण्याची वाहिनी, वीज खात्याची भूमिगत केबल किंवा मलनिस्सारणाची नळी घालायला तोच रस्ता खणला जातो. स्मार्ट सिटीच्या कामांत पणजीने हे सगळं पाहिलं. खणण्याची परवानगी कोणत्या तारखेला दिली, तेही माहिती अधिकारात मागता येतं. हॉटमिक्सच्या कार्यादेशाची तारीख त्या परवानगीनंतरची निघाली, तर दोन खाती एकमेकांशी बोलत नव्हती याचा कागदच हाती येतो.

कामाची व्याप्ती हाही असाच एक कागद. कला अकादमीच्या नूतनीकरणाचं काम निविदा न काढता नामनिर्देशनावर दिलं गेलं. जुलै २०२३ मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं, आणि लगेच वाद सुरू झाला तो हा भाग त्या कामात होता की नव्हता यावर. चार्ल्स कोरियांनी रचलेल्या वास्तूबद्दल हा प्रश्न छत पडल्यावर विचारावा लागतो, हीच मोठी गोष्ट आहे. नामनिर्देशनावर दिलेल्या प्रत्येक कामाची टिपणी, म्हणजे निविदा का काढली नाही याचं लेखी कारण, फाइलमध्ये असतं. ते पान मागायचं.

आणि वेळ महत्त्वाची. गेली काही वर्षं मार्चच्या आसपास काही महिन्यांच्या खर्चापुरतं लेखानुदान घेऊन सरकार मोकळं होतं आणि खातेनिहाय मागण्यांवरची खरी चर्चा पावसाळी अधिवेशनात, जुलै-ऑगस्टमध्ये होते. म्हणजे आमदाराकडे जायचा महिना मार्च नव्हे, जून. आपला प्रश्न त्याला एलएक्यू, म्हणजे विधानसभेत विचारायचा प्रश्न, म्हणून द्यायचा: अमुक लेखाशीर्षाखाली गेल्या तीन वर्षांत मतदारसंघनिहाय किती कामं, अंदाजित रक्कम किती, प्रत्यक्ष देयक किती. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचा, प्रश्न सभागृहात पोचला नाही तरी लेखी उत्तर येतंच, आणि ते विधानसभेच्या संकेतस्थळावर चढतं. याच अधिवेशनांत पुरवणी मागण्याही येतात. मूळ अंदाजात न बसलेला खर्च तिथून आत येतो आणि त्याची बातमी क्वचितच होते. कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, संकेतस्थळावर प्रत्येक राज्याच्या जमाखर्चाचे मासिक आकडेही असतात. फेब्रुवारीपर्यंतचा भांडवली खर्च आणि मार्चअखेरचा भांडवली खर्च शेजारी ठेवून बघा. वर्षअखेरीच्या खर्चाच्या घाईला केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत वित्तीय औचित्याचा भंग म्हटलं आहे.

पंचायतीचं त्याहून सोपं. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पंचायतीचं नाव निवडलं की वित्त आयोगाच्या निधीची कामं आणि देयकं दिसतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी या निधीचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून ठेवला होता. ग्रामसभेत उभं राहून आरडाओरडा करण्यापेक्षा आधी सचिवाकडे लेखी प्रश्न देऊन पोच घ्यावी, म्हणजे तो इतिवृत्तात येतो. तोंडी प्रश्न इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढाच उरतो.

व्यापाऱ्यांचा राग वेगळा आहे आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या दारावर आपटतो. जीएसटीचा दर गोवा सरकार ठरवत नाही. तो ठरवणाऱ्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. गोव्याचं मत उत्तर प्रदेशाइतकंच, पण एकच. राज्याच्या हातात उरलं ते इंधनावरचा व्हॅट, दारूवरचं अबकारी, रस्ता कर, मुद्रांक शुल्क आणि परवान्यांची फी. सरकारला जाब विचारायचा तो इथे. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला होता. जून २०२४ मध्ये तो २० वरून २१.५ टक्के झाला, डिझेलचा १६ वरून १७.५. म्हणजे राज्याला करता येतं. करायचं की नाही, हा प्रश्न उरतो.

जीएसटीत मात्र नुकसान अनेकदा दरामुळे नव्हे, चुकीच्या योजनेमुळे होतं. दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला कॉम्पोझिशन, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोपी योजना, घेता येतं, व्यापाऱ्याला १ टक्का, रेस्टॉरंटला ५ टक्के. पण गोव्यातला नेहमीचा सापळा असा: जेवणाबरोबर दारू विकणाऱ्याला कॉम्पोझिशन मिळत नाही, कारण मद्य जीएसटीच्या बाहेर आहे आणि कराबाहेरचा माल विकणारा या योजनेत बसत नाही. बार अँड रेस्टॉरंटवाल्याने जेवणाचा जीएसटी आणि दारूचा व्हॅट असे दोन हिशेब ठेवायचे. दुसरा सापळा सीमेवरचा. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या दुकानदाराने बांद्याला किंवा दोडामार्गला माल पोचवून दिला की ती आंतरराज्य विक्री होते आणि योजना सुटते. बेळगावहून माल आणायला मात्र हरकत नाही. कॉम्पोझिशनवाल्याने बिलावर कर वेगळा लावायचा नाही. सीएमपी-०८ हे या योजनेचं कर भरायचं पत्रक तिमाही संपल्यावर १८ तारखेपर्यंत भरायचं. नियमित करदात्याचं थ्रीबी (जीएसटीआर-३बी) विवरणपत्र चुकलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, शून्य विवरणपत्राला २०. धंदा बंद असलेल्या पावसाळ्यातही शून्य विवरणपत्र भरावंच लागतं, किनारी भागातली दुकानं नेमकी इथे फसतात.

लहान हॉटेलवाल्यांसाठी २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ ऐवजी ५ टक्के झाला. ऐकायला गोड. पण ५ टक्क्यांत इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. त्यामुळे एसी, रंगकाम, धुलाई यांवर भरलेला १८ टक्के आता थेट खर्चात जातो. ज्याने त्या वर्षी नूतनीकरण काढलं, त्याला दरकपातीचा फायदा दिसलाच नसेल.

आता राजकीय सुधारणा, कारण हा सगळा खर्च शेवटी तिथे येऊन मिळतो. गोव्यात चाळीस आमदार, मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आसपास मतदार. २०२२ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत ६६६ मतांनी आले, सांतआंद्रेची जागा ७६ मतांनी ठरली. इतक्या कमी फरकात एका वाड्याचं हॉटमिक्स निकाल फिरवू शकतं. म्हणूनच ते पडतं, आणि नेमकं त्या वेळी पडतं.

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणलं, पण लहान राज्यांत किमान बाराची मुभा ठेवली. गोव्यात त्यामुळे बारा मंत्री. त्याच दुरुस्तीने पक्षातल्या एक तृतीयांश आमदारांना फुटायची सवलत बंद केली, दोन तृतीयांशाचं विलीनीकरण मात्र ठेवलं. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीचा हा चौथा परिच्छेद लहान सभागृहात कसा चालतो ते बघा. तीन आमदारांच्या पक्षात दोघे पुरतात, अकरात आठ, पंधरात दहा. मार्च २०१९ मध्ये मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) तिघांतले दोघे भाजपमध्ये गेले, जुलैमध्ये काँग्रेसच्या पंधरांतले दहा, सप्टेंबर २०२२ मध्ये अकरांतले आठ. प्रत्येक वेळी आकडा बरोबर कायद्याला टेकून. २०१९ च्या फुटीवरच्या याचिका सभापतींनी एप्रिल २०२१ मध्ये फेटाळल्या, उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला, तोवर पुढच्या विधानसभेचं मतदानही होऊन गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशा याचिका साधारण तीन महिन्यांत निकाली काढाव्यात असं म्हटलं, अनुसूचीत मात्र मुदत नाही. चौथा परिच्छेद काढणं संसदेच्या हातात आहे. तो मुद्दा पणजीच्या आझाद मैदानावर मांडून उपयोग नाही, खासदाराला लेखी विचारावा लागेल.

राज्याला करता येण्यासारखं वेगळं आहे. लोकायुक्त न्या. पी. के. मिश्रा २०२० मध्ये निवृत्त होताना आपल्या २१ अहवालांपैकी एकावरही कारवाई झाली नाही असं सांगून गेले, आणि २०२१ मध्ये सरकारने लोकायुक्त कायदाच सौम्य केला. तो परत कडक करायला दिल्ली लागत नाही.

तसंच महामंडळांचं. बारा मंत्री झाले की सत्तारूढ बाकांवरच्या उरलेल्यांना कुठेतरी बसवावं लागतं. संसदीय सचिव नेमण्याची वाट उच्च न्यायालयाने २००९ मध्ये बंद केली, महामंडळांचं अध्यक्षपद मात्र लाभाच्या पदामुळे आमदारकी जाऊ नये म्हणून असलेल्या अपात्रता निवारण कायद्याच्या छत्राखाली सुरक्षित आहे. अध्यक्षाची गाडी, इंधन, कार्यालय, सोबतचा कर्मचारीवर्ग आणि त्या वर्षी महामंडळाच्या किती बैठका झाल्या, हे सगळं एका एलएक्यूत विचारता येतं. आकडे उत्तरात नसतात, परिशिष्टात असतात. ती फाइल वेगळी उघडावी लागते.