अण्णा झोपले नव्हते

२२ सप्टेंबर, सोमवार

आज चिमणीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो. (मुलीचं खरं नाव इथे लिहीत नाही. अण्णा तिला चिमणी म्हणायचे, तेच राहू दे.) तीन आठवडे झाले, रोज सकाळी शाळेची व्हॅन यायच्या सुमारास तिचं पोट दुखतं. जंताचं औषध देऊन झालं, बेंबीला हिंग लावून झालं, दृष्टही काढली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, वजन केलं, लघवीचा रिपोर्ट बघितला. सगळं नीट. मग पेन बाजूला ठेवून विचारलं, "घरात एवढ्यात काही झालंय का?"

मी म्हणालो, "नाही, विशेष काही नाही."

परत येताना सिग्नलला गाडी थांबली. मागे बसलेल्या चिमणीनं माझा शर्ट घट्ट धरला होता. तेव्हा लक्षात आलं, मी काय उत्तर देऊन आलो ते. १२ ऑगस्टला माझे वडील, अण्णा, गेले. त्याला आज ४१ दिवस झाले. आणि घरात विशेष काही झालेलं नाही, असं मी डॉक्टरांना सांगून आलो.

सिग्नल सुटला तरी गाडी पुढे नेता येईना. मागचे हॉर्न वाजवत होते.

२३ सप्टेंबर, रात्री उशिरा

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते. चिमणी सात वर्षांची आहे आणि रात्री साडेअकरालाही टक्क जागी असते. इतके दिवस आम्ही टीव्हीला दोष दिला, उकाड्याला दिला. आज दिवा मालवून तिच्याशेजारी नुसता पडून राहिलो. बऱ्याच वेळानं तिचं बोट माझ्या नाकाखाली आलं. मी श्वास घेतोय का, ते ती बघत होती.

मी डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बाबा, झोपल्यावर परत उठायचं हे कसं ठरतं?"

काय सांगू? म्हणालो, "आपोआप."

"मग अण्णांचं का नाही ठरलं?"

त्या दिवशीची सकाळ आठवली. अण्णा पहाटे झोपेतच गेले. रोज सात वाजता त्यांना उठवायचं काम चिमणीचं. ती दारापर्यंत आली आणि आम्ही तिला तिथेच अडवलं. कोण बोललं आठवत नाही, बहुतेक मीच असेन: "अण्णा झोपलेत, उठवू नकोस." मग तिला खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे पाठवलं, तिथून मावशीकडे. तेरावा झाल्यावरच ती घरी आली. तेव्हा अण्णांची कॉट भिंतीला उभी करून ठेवलेली होती आणि त्यांचा चष्मा कपाटात गेला होता.

आज अंधारात ती म्हणाली, "मी उठवलं असतं तर उठले असते. तुम्ही उठवू दिलं नाहीत."

म्हणजे इतके दिवस ही पोर आमच्यावर रागावली होती. आणि आम्ही म्हणत होतो, लहान आहे, तिला काय कळतंय.

२४ सप्टेंबर

आम्ही तिला काय काय सांगितलं होतं, ते आज बायकोबरोबर बसून आठवलं. मी म्हणालो, झोपलेत. माझी आत्या म्हणाली, देवाघरी गेले. शेजारच्या काकू म्हणाल्या, तारा झाले. मावशीकडे कुणी म्हणालं, गावाला गेलेत, येतील. आणि तेराव्यानंतर भेटायला आलेल्या एका आजींनी तिला कुरवाळत सांगितलं, "चांगली माणसं देवाला आवडतात गं, म्हणून तो लवकर नेतो."

ही सगळी मायेनं सांगितलेली वाक्यं आहेत. कुणालाही दोष द्यावासा वाटत नाही. पण सात वर्षांच्या डोक्यात ती एकत्र आली की काय होतं ते बायकोनं सांगितलं. गणपतीत शेजारी आरतीला गेले असताना चिमणी हात जोडेना. नंतर जिन्यात म्हणाली, "बाप्पाला मी आवडले तर?"

हे त्या दोघींमध्येच राहिलं होतं. बायकोला वाटलं, मी आधीच खचलोय, मला कशाला सांगा. मी तिच्यासमोर खंबीर राहायचा प्रयत्न करत होतो, ती माझ्यासमोर, आणि दोघं मिळून चिमणीसमोर.

२७ सप्टेंबर, शनिवार

शाळेतल्या समुपदेशक बाईंना भेटलो. पाऊण तास दिला त्यांनी. मी विचारलं, इतक्या लहान मुलाला मृत्यू कळतो का? त्या म्हणाल्या, तुकड्यातुकड्यांनी कळतो. मारिया नागी नावाच्या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांशी याच विषयावर बोलून केलेला अभ्यास १९४८ मध्ये छापून आला. त्यातली अगदी लहान मुलं मृत्यूला झोप किंवा प्रवासच समजत होती. म्हणजे मूल मुळात तिथेच उभं असतं, आणि आपण "झोपलेत", "गावाला गेलेत" म्हणून त्याला तिथेच खिळवून ठेवतो. पुढच्या अभ्यासांतून दिसतं, की पाच ते सात या वयात बहुतेक मुलांना तीन गोष्टी उमगू लागतात: मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर पूर्ण थांबतं, आणि हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं. पण त्यासाठी कुणीतरी स्पष्ट बोलावं लागतं.

"शब्द सरळ वापरा," बाई म्हणाल्या. "वारले म्हणा, मेले म्हणा. तुम्हाला जड जाईल, तिला नाही."

मला एक गोष्ट सारखी खुपत होती, ती विचारली. अण्णांचा विषय निघाला की चिमणी दोन मिनिटं रडवेली होते आणि लगेच उठून सापशिडी मागते. तिला दुःख झालंय की नाही? बाई हसल्या. मुलांचं दुःख श्रावणातल्या पावसासारखं असतं, म्हणाल्या. सर येते, लगेच ऊन पडतं. मोठ्यांसारखी दिवसभर झड लागत नाही. खेळायला गेली म्हणजे विसरली असं समजू नका, आणि रडली म्हणजे आता दिवसभर जवळ घेऊन बसायला हवं असंही नाही. मला तेवढ्यानं फार हायसं वाटलं.

निघताना त्यांनी विचारलं, "आणि तुमचं काय?"

मी ठीक आहे म्हणालो. त्यांनी एका कागदावर १४४१६ हा आकडा लिहून दिला. टेलिमानस, सरकारची २०२२ पासूनची मोफत सेवा, रात्रीसुद्धा चालू असते आणि मराठीत बोलता येतं. कागद पाकिटात आहे.

२७ सप्टेंबर, रात्री

झोप येईना म्हणून वाचत बसलो. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञानं १९८० मध्ये लिहून ठेवलंय, की आईबाप गमावलेलं मूल त्या दुःखातून नीट बाहेर कसं येतं. मूळ नातं घट्ट असावं. काय झालं ते मुलाला लगेच आणि खरंखरं सांगावं, हवे ते प्रश्न विचारू द्यावेत, घरच्यांच्या शोकात आणि अंत्यविधीत त्याला सामील करून घ्यावं. आणि मागे उरलेलं जवळचं माणूस त्याच्या सोबत असावं.

आईबापांबद्दल लिहिलंय हे खरं. पण आम्ही दोघं नोकरीवर, व्हॅनमधून उतरल्यावर चिमणीला घ्यायला अण्णा, वरणभात कालवून द्यायला अण्णा, दुपारी पाठीवर थोपटायला अण्णा. सात वर्षं तिची दुपार त्यांचीच होती. तिच्या दृष्टीनं गेलं ते आजोबा म्हणणं पुरेसं नाही.

पहिली गोष्ट तेवढी आमच्याकडे होती, तीही अण्णांनी कमावलेली. बाकीचं सगळं आम्ही नेमकं उलट केलं. खरं सांगितलं नाही, विचारू दिलं नाही, विधींपासून दूर ठेवलं. आणि मी घरात असून तिच्याजवळ नव्हतो.

२८ सप्टेंबर, रविवार

आज बोललो. गॅलरीत, अण्णांच्या खुर्चीशेजारी खाली बसून. वाक्यं मनात घोकून ठेवली होती, तरी आवाज चिरकला.

म्हणालो, "चिमणे, मी तुला चुकीचं सांगितलं होतं. अण्णा त्या दिवशी झोपले नव्हते. अण्णा मेले. त्यांचं हृदय बंद पडलं. हृदय बंद पडलं की शरीर थांबतं आणि परत चालू होत नाही. तू उठवलं असतंस, मी उठवलं असतं, डॉक्टरांनी उठवलं असतं, तरी ते उठले नसते. झोप वेगळी. झोपेत हृदय चालूच असतं." तिचा हात माझ्या छातीवर ठेवला, मग तिच्या स्वतःच्या छातीवर.

ती बराच वेळ मोजत बसली. मग प्रश्न सुरू झाले. असले प्रश्न मी आयुष्यात ऐकले नव्हते. अण्णांना जाळलं तेव्हा भाजलं का? नाही, शरीर थांबलं की दुखत नाही. तुम्ही अण्णांना नदीत सोडलं, त्यांना पोहता येत होतं का? हे तिनं कुठून ऐकलं असेल? मावशीकडे कुणी फोनवर बोलत असणार. संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे, आम्ही अस्थी सोडल्या. तिनं ऐकलं "अण्णांना सोडलं". इतके दिवस तिच्या डोळ्यांसमोर तिचे अण्णा पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात एकटे होते.

तिला सांगितलं, अस्थी म्हणजे उरलेली थोडी हाडं आणि राख. त्यांना थंडी वाजत नाही, भीती वाटत नाही.

मग ती गप्प झाली. फ्रॉकची कड दाताखाली धरून बसली. मला वाटलं झालं बोलून, पण उठलो नाही. नशीब, उठलो नाही.

"बाबा, साखरेनं माणूस मरतं ना?"

भेटायला आलेल्या बायका हॉलमध्ये बोलत होत्या, साखरेनं गेले म्हणून. तेवढं तिनं उचललं होतं. आणि त्याच्या आधीचं फक्त तिला माहीत होतं: दुपारी चारला, आम्ही ऑफिसात असताना, अण्णा तिला फ्रिजवरच्या डब्यातून साताऱ्याचा कंदी पेढा काढायला सांगायचे. ती स्टुलावर चढून काढायची. अर्धा अण्णांचा, अर्धा तिचा. आईबाबांना सांगायचं नाही, हे दोघांचं गुपित.

"मीच काढून द्यायचे," ती म्हणाली.

मी तिला मांडीवर ओढून घेतलं. खोटं सांगायचं नाही एवढं ठरवलं होतं, त्यामुळे मधुमेहाचा काही संबंधच नाही असं म्हणता आलं नाही. म्हणालो, अण्णांना साखरेचा आजार मी कॉलेजात होतो तेव्हापासून होता, तू जन्मायच्या कितीतरी आधीपासून. वीस वर्षांहून जास्त काळ तो आजार हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून खराब करत होता. अर्ध्या पेढ्यानं ते होत नाही. आणि पेढा खायचा की नाही हे अण्णा ठरवत होते, ते मोठे होते. लहान मुलावर मोठ्या माणसाचा जीव सांभाळायची जबाबदारी नसते.

शेवटचं वाक्य तिनं मला परत म्हणायला लावलं. दोनदा.

आता लिहिताना हात कापतोय. तिच्या वयाच्या मुलांना आपल्या मनात आलेल्या किंवा हातून घडलेल्या एवढ्याशा गोष्टीमुळे जगात काही भयंकर घडलं असं सहज वाटतं, हे बाईंनी काल सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं. सहा आठवडे हे ओझं घेऊन ती व्हॅनमध्ये चढत होती आणि मी तिच्या पोटाला हिंग लावत होतो.

५ ऑक्टोबर

पोट आठवड्यात दोनदाच दुखलं. झोप अजून नीट नाही. प्रश्न मात्र कुठेही येतात. भाजीवालीसमोर तिनं मला विचारलं, "तू मेल्यावर तुझा मोबाइल कुणाला?" भाजीवाली चपापली. मी म्हणालो, मी खूप वर्षं जगेन असं मला वाटतं, पण मोबाइल तुला. तिला एवढंच हवं होतं.

९ ऑक्टोबर

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ऑगस्टचं पान अजून होतं. आज ते उलटायला गेलो. १ ते ११ तारखेपर्यंतच्या चौकोनांत अण्णांच्या अक्षरात दुधाचा हिशेब. एक लिटर, एक लिटर, दीड (त्या दिवशी खीर केली होती). अकरानंतर चौकोन कोरे.

अंत्यविधीच्या दिवशी काका खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "आता घरातला मोठा तू. मुलीसमोर रडायचं नाही." मी ते पाळलं होतं. आज नाही पाळता आलं. ओट्याला टेकून खाली बसलो आणि हुंदके आवरेनात.

चिमणी दारात आली. घाबरली असणार, कारण तिनं मला असं कधी पाहिलंच नव्हतं. मग तिनं तिच्या छोट्या पेल्यात पाणी आणलं. पाणी प्यायलो. आणि तिला सांगितलं, अण्णांची आठवण आली म्हणून रडतोय, थोड्या वेळात थांबेन, माझी काळजी घ्यायला आई आहे, काका आहे, तू खेळायला जा. तिच्यापासून लपवायचं नाही, आणि तिच्या खांद्यावर टाकायचंही नाही. या दोन्हींच्या मधली वाट मला अजून चाचपडत शोधावी लागते.

ती गेली नाही. शेजारी बसून म्हणाली, "मलापण येते. दुपारी."

मग दोघं दुपारबद्दल बोललो. रात्री १४४१६ ला फोन केला. पलीकडच्या बाईंनी फार शांतपणे ऐकून घेतलं. मी बाबांबद्दल बोललो. अण्णा नाही, लहानपणी बाबा म्हणायचो, तसं म्हणालो.

१९ ऑक्टोबर, रविवार

यंदा आमच्याकडे दिवाळी नाही. फराळ नातेवाइकांकडून येतोय. चिमणीला आम्ही आधीच सांगितलं होतं, का नाही ते, आणि आकाशकंदील मात्र लावायचा का, हेही तिला विचारलं. तिनं विचार करून सांगितलं, लावायचा, पण अण्णांच्या गॅलरीत.

काल तिला दहाव्याबद्दल सगळं सांगितलं. घाटावर पिंड ठेवतात, कावळा शिवेपर्यंत सगळे थांबतात. त्या दिवशी कावळा बराच वेळ शिवला नव्हता. मोठी माणसं विचारत होती, अण्णांची काय इच्छा राहिली, आणि मी हात जोडून नुसता उभा होतो. तिनं लगेच विचारलं, "मला का नेलं नाही? मला माहीत होतं काय राहिलं ते."

मी तिची माफी मागितली. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धाला ती माझ्याबरोबर असेल, तिला यायचं असेल तर.

साताऱ्याहून चुलतभावानं फराळाबरोबर कंदी पेढे पाठवलेत. ऑगस्टपासून तिनं पेढ्याला हात लावला नव्हता. गणपतीचा प्रसादही तिनं मुठीत ठेवून नंतर कुंडीत टाकला होता, हे आम्हाला आता कळलं. आज दुपारी चार वाजता तिनं स्टूल ओढलं, डबा काढला, आणि मला गॅलरीत बोलावलं. एक पेढा मधोमध मोडला. अर्धा कठड्यावर ठेवला. आम्ही दोघं दाराआड उभे राहिलो. कावळा आला नाही. बऱ्याच वेळानं एक खार आली, दोन्ही हातांत पेढा धरून कुरतडायला लागली.

"चालेल," चिमणी म्हणाली. आणि उरलेला अर्धा तिनं खाल्ला.