सीनियर नसलेल्या कॉलेजातले कार्यक्रम

बी.एड. एका वर्षाचं होतं तेव्हाच्या या आठवणी. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची २०१४ ची नियमावली आली आणि २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. इंटर्नशिप वाढली, विषय वाढले, प्रवेश घटतील का, वगैरे. एक बदल मात्र कुणी बोलून दाखवल्याचं मला आठवत नाही. त्या वर्षापासून बी.एड.च्या कॉलेजांना सीनियर मिळाले.

आमच्या वेळी ते नव्हतेच. शंभर माणसं एकदम यायची आणि वर्षाच्या शेवटी एकदम जायची. स्वागत करायला कुणी नाही, रॅगिंग करायला कुणी नाही, ‘गॅदरिंगला मागच्या वर्षी काय केलं होतं’ हे सांगायलाही कुणी नाही. वरच्या मजल्यावर एम.एड.ची मोजकी मंडळी असायची, पण ती कायम प्रबंधाच्या प्रश्नावल्या घेऊन फिरत असायची. त्यांच्याकडे पाहून एवढंच कळायचं, की पुढे गेलं तरी लिखाण काही संपत नाही. त्यामुळे दरवर्षीचा प्रत्येक कार्यक्रम, तो कधीच न केलेल्या आणि पुन्हा कधीच न करणाऱ्या लोकांच्या हातून व्हायचा. आजही त्या वर्षाचं नाव काढलं की मला पाठांच्या टाचणांच्या आधी हे कार्यक्रम आठवतात. त्यांतल्या अर्ध्याअधिक गोष्टी जमल्या नव्हत्या, हेही कारण असेल.

म्हणायला परंपरा दोन ठिकाणी जपलेली होती. एक म्हणजे कार्यालयातल्या कपाटातली ‘सहशालेय उपक्रम’ असं लिहिलेली फाइल. मूल्यांकनाची समिती कधीही येईल, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल तिच्यात लावलेला असे. आम्ही मोठ्या आशेने ती उघडली. वर्षामागून वर्षं एकच वाक्य: ‘कार्यक्रम अत्यंत उत्साहात संपन्न झाला.’ माइक कुठून आणला, पडदा कशाला बांधला, पाहुणे उशिरा आले तेव्हा काय केलं, यातलं एक अक्षर नाही. दुसरी परंपरा म्हणजे आमचे शिपाईमामा. त्यांना सगळं ठाऊक होतं. समईची वात कुठे असते, कोणतं टेबल डगडगतं, कोणत्या सरांना बोलायला उभं केलं की कार्यक्रम तासभर लांबतो, सगळं. फक्त विचारल्याशिवाय ते सांगायचे नाहीत, आणि काय विचारायचं असतं हे आम्हाला कार्यक्रम झाल्यावर कळायचं.

प्रवेशाच्या फेऱ्या लांबत जायच्या. त्यामुळे एकमेकांची नावं पाठ होण्याआधीच ५ सप्टेंबर येऊन ठेपला. डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस १९६२ पासून शिक्षक दिन म्हणून पाळला जातो, एवढं भाषणापुरतं सगळ्यांना माहीत होतं. पण शिक्षकांच्या कॉलेजात शिक्षक दिन करायचा कसा? शाळेत त्या दिवशी दहावीची मुलं साड्या नेसून वर्गावर जातात. आमच्याकडे साडी रोजचीच होती. शेवटी ठरलं की कॉलेज आम्ही चालवायचं आणि प्राध्यापकांनी आठवी अ चा वर्ग म्हणून बाकांवर बसायचं.

आम्हाला वाटलं, सर-मॅडम हसतखेळत बसतील, टाळ्या वाजवतील. त्यांनी वर्षानुवर्षं मागच्या बाकावरून आमच्यासारख्यांचे सराव पाठ तपासले होते. वर्ग कुठे कुठे हातातून निसटतो, ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. प्राचार्या मॅडम पाच मिनिटं उशिरा येऊन दारात उभ्या राहिल्या आणि आत बोलवेपर्यंत हलल्या नाहीत. मानसशास्त्राचे सर दर दोन मिनिटांनी पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारू लागले. इतिहासाच्या सरांनी वही आणली नव्हती आणि शेजारच्याची ओढत होते. शिकवायला उभी होती आमच्यातली सर्वांत लहान मुलगी, नुकतीच बी.एस्सी. झालेली. तिची पंचाईत वेगळीच. आठवीच्या मुलाला अहो-जाहो करता येत नाही आणि समोर विभागप्रमुख. थोडा वेळ तिने नावं न घेता हाताने खुणा करून भागवलं. मग चिडून म्हणाली, “सर, तू खाली बस पाहू आधी!”

सभागृह कोसळलं. सर मात्र निमूटपणे खाली बसले आणि तास संपेपर्यंत पाण्याचं नाव काढलं नाही. नंतर त्यांनी निरीक्षण वहीत तिला रीतसर शेरा लिहून दिला: ‘वर्गनियंत्रण उत्तम. सर्वनामांत सुधारणेस वाव.’

रोजचा कार्यक्रम म्हणजे परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. शाळेत हे करून घ्यावं लागणार म्हणून आधी स्वतः करायचं, दहा-दहा जणांच्या गटांनी आठवडा वाटून घेऊन. दिवाळीपर्यंत सुविचार संपले. नंतर तेच ते फिरून येऊ लागले, आणि एका गटाने तर स्वतःच रचलेली वाक्यं ‘एक विचारवंत’ या नावाने फळ्यावर लिहायला सुरुवात केली. त्यांतली काही खऱ्या विचारवंतांपेक्षा बरी होती, असं माझं मत आहे.

कॉलेजच्या पेटीची एक पट्टी दाबलेलीच राहायची. भाता हलला की तो एक स्वर अखंड वाजत राही आणि प्रार्थना त्याच्याशी भांडत भांडत पुढे सरके. पहिले काही आठवडे सगळ्यांनी सोसलं. मग आमच्यातल्या एका गाणाऱ्या गड्याने साधी युक्ती केली. त्याने तोच अडकलेला स्वर षड्ज, म्हणजे ‘सा’, धरला आणि सगळी गाणी त्या पट्टीत बसवली. सूर बायकांना जरा खाली जाई आणि पुरुषांना वर, पण पेटीबरोबर तंबोराही आयता मिळाला. शैक्षणिक साधनांच्या तासाला ‘उपलब्ध साहित्याचा कल्पक वापर’ वगैरे बरंच शिकवलं गेलं. माझ्या लक्षात तेवढी पेटी राहिली.

दिनविशेषांची तर रांग असायची. ११ नोव्हेंबर, मौलाना आझादांचा जन्मदिवस, राष्ट्रीय शिक्षण दिन. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणून मराठी भाषा गौरव दिन. दुसऱ्याच दिवशी, २८ ला, विज्ञान दिन. भाषेवाले आणि विज्ञानवाले एकाच सभागृहासाठी आणि एकाच फलकासाठी भांडायचे. रात्री काढलेली रांगोळी सकाळी दुसऱ्या गटाने पुसायची, असं ठरलेलं. बहुतेक दिवस प्रतिमापूजन, दोन भाषणं, आभार असेच पार पडले आणि उत्साहात संपन्न झाले.

३ जानेवारी मात्र वेगळी गेली. सावित्रीबाईंची जयंती. १८३१ ते १८९७ हा काळ, १८४८ ची भिडे वाड्यातली मुलींची शाळा, अंगावर शेण-माती झेलत शाळेत जाणं, हे सगळं प्रत्येक वक्ता सांगणार हे उघड होतं. ज्या गटाकडे कार्यक्रम होता त्यांनी भाषणंच ठेवली नाहीत. दारातच प्रत्येकाच्या हातात कागदाचा कपटा दिला. त्यावर एकच प्रश्न: तुमच्या घरात शाळेत गेलेली पहिली बाई कोण? नाव नको, फक्त नातं लिहा. कपटे टाचणीने मऊ फलकावर लावत गेले. आजी फार थोड्या. पणजी एकच, आणि तिच्याभोवती सगळे जमले. बरेच कपटे ‘आई, चौथीपर्यंत’ असे. एकावर ‘मोठी बहीण. मला तिनेच शिकवलं.’ आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत कुठे ना कुठे एकाच अक्षराचं छोटं उत्तर होतं: ‘मी’. त्यांतलं एक हस्ताक्षर मी ओळखलं. पस्तिशीच्या एका ताईंचं होतं ते. दोन मुलांची शाळा सांभाळून त्या यायच्या आणि परिपाठाला नेहमी धापा टाकत पोचायच्या. त्या दिवसानंतर त्यांच्या उशिरावर कुणी विनोद केला नाही. त्या कार्यक्रमाचा अहवाल लिहायची पाळी माझ्यावर आली होती. मी पाच ओळी लिहिल्या आणि फलकाचा फोटो लावला.

शैक्षणिक भेटीला आम्ही डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव पुस्तकात होतंच. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे कोसबाडला आलं, हेही परीक्षेपुरतं पाठ होतं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावं म्हणून अंगणवाडी, गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी रानातच कुरणशाळा. वर्गात ही दोन गुणांची टीप होती. तिथे टेकडीवर उभं राहून खालचे विखुरलेले पाडे पाहिले तेव्हा कळलं, की हा केवळ कल्पकतेचा भाग नव्हता. घंटा वाजवून मुलं जमतील अशी तिथली वस्तीच नाही. अनुताईंनी बिया, शिंपले, पानं, काड्या, जे जवळ मिळेल त्यातून मोजायला आणि ओळखायला शिकवण्यावर भर दिला होता. ते ऐकताना आमच्यातल्या बऱ्याच जणांचे चेहरे जरा पडले, कारण पंधरा दिवसांवर साहित्य प्रदर्शन होतं आणि घरोघरी थर्माकोल कापून तयार होता.

परतीच्या बसमध्ये वाद झाला. गणितवाल्यांनी केलेलं सगळं बाजूला ठेवून चिंचोके गोळा करायचं ठरवलं. भूगोलवाल्यांनी ज्वालामुखी सोडायला साफ नकार दिला, कारण तो खरोखर धूर सोडत होता. प्रदर्शनात बघ्यांची गर्दी ज्वालामुखीपुढे झाली, हे मान्य करायला हवं. पण जवळच्या शाळेची मुलं आली तेव्हा ती चिंचोक्यांपाशी बसून राहिली. दहा-दहाचे ढीग करायचे, एक ढीग दिला की एक शिंपला मिळतो, दहा शिंपले दिले की एक दगड. हातचा म्हणजे काय, हे मुलं एकमेकांना सांगत होती. आमचे मेथडचे, म्हणजे अध्यापन पद्धतीचे, सर बाजूला उभे राहून ऐकत होते आणि कधी नव्हे ते काही लिहून घेत नव्हते.

स्नेहसंमेलनाबद्दल लिहायचं तर शेलापागोट्यांचा, म्हणजे एकमेकांना दिलेल्या गमतीच्या उपाध्यांचा, मजकूर इथे देता येणार नाही, आणि नृत्यांबद्दल न बोललेलं बरं. नाटिका मात्र सांगायलाच हवी. तोवर आमची डोकी पाठाच्या पायऱ्यांनी इतकी व्यापली होती, की झोपेतही हेतुकथन, म्हणजे ‘आज आपण अमुक शिकणार’ हे जाहीर करणं, व्हायचं. त्यातूनच ‘कंडक्टरचा पाठ’ निघाला. चार खुर्च्यांची बस. कंडक्टर आत शिरतो आणि तिकीट फाडायच्या आधी पूर्वज्ञान जागृत करतो.

“मुलांनो, आपण गावाला कशाने जातो?”

“बसने!”

“छान! बसमध्ये बसल्यावर आपल्याला काय काढावं लागतं?”

“झोप!”

“उत्तम प्रयत्न. आणखी कोण सांगेल?”

अशा रीतीने कंडक्टर ‘आज आपण तिकीट काढणे या घटकाचा अभ्यास करणार आहोत’ इथवर पोचतो तेव्हा दोन थांबे मागे पडलेले असतात. विवेचन चालू असताना तिसरा. संकलनाला, म्हणजे पाठाच्या समारोपाला, प्रवासी उतरू लागतात आणि तो दारात उभा राहून गृहपाठ देतो. तिकीट एकही फाटलेलं नाही. एवढ्यात तपासनीस चढतो, मागच्या बाकावर जाऊन बसतो, वही काढतो आणि मोठ्याने वाचत लिहितो: ‘आवाज सुस्पष्ट. प्रबलन योग्य. फलकलेखन नाही. शेवटच्या बाकाकडे दुर्लक्ष.’ समोर बसलेल्या प्राध्यापकांत सगळ्यांत जास्त कोण हसलं, तर ज्यांच्या हस्ताक्षराची नक्कल केली होती तेच सर.

सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे छोटासा पाठ पुन्हा पुन्हा घेऊन एकेक कौशल्य घोटण्याचं, चक्रही त्याच मंडळींनी शेवटी घुसवलं होतं. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण म्हणजे अभिप्राय, बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा, पुन्हा सहा, एकूण छत्तीस. कंडक्टर म्हणतो, “बारा मिनिटं थांबा, बस पुन्हा सुरुवातीपासून आणतो.” १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डला ही पद्धत आकाराला आली तेव्हा तिचा प्रवास इथवर होईल असं कुणाला वाटलं नसणार.

निरोप समारंभाला मूळची अडचण पुन्हा उभी राहिली. निरोप देतात ज्युनियर, आणि ज्युनियर तर अजून कुठेतरी पदवीची शेवटची परीक्षा देत होते. म्हणून आम्हीच आम्हाला निरोप दिला. आम्हीच खुर्च्या मांडल्या, आम्हीच सत्कारमूर्ती, आम्हीच आभार मानले आणि खुर्च्या आम्हीच उचलल्या. त्यात एक चांगली गोष्ट घडली. फाइलीला वैतागलेल्या तिघीचौघींनी वर्षभराच्या खाचाखोचा लिहून काढल्या. पडदा कुठे बांधावा, पेटीची कोणती पट्टी षड्ज धरावी, प्रदर्शनाला कोणती खोली घेऊ नये, कोणत्या सरांना आभार प्रदर्शनानंतर बोलायला देऊ नये. ते सात-आठ कागद त्यांनी अहवालांत लावले नाहीत, मामांच्या हातात दिले.

आता माजी विद्यार्थी मेळाव्याला जाणं होतं. हल्ली प्रवेशद्वारापाशी दुसऱ्या वर्षाची मुलं बिल्ले लावून उभी असतात, पहिल्या वर्षाची धावपळ करतात, माइक वेळेवर चालू होतो. सगळं फार छान चालतं, आणि आमच्या वेळची मंडळी मागे उभी राहून त्यात खोडी काढत बसतात. गेल्या खेपेला एका मुलीला मी विचारलं, की सगळं एवढं व्यवस्थित तुम्हाला कोण सांगतं? म्हणाली, “सीनियर सांगतात की. आणि कपाटात एक झेरॉक्स आहे जुनी, मामांनी दिलेली. पण त्यात पेटीबद्दल काय लिहिलंय ते कळत नाही. पेटी तर नवी आहे ना आमची.”

मी तिला सांगायला सुरुवात केली, पण तिला सूत्रसंचालनाला जायचं होतं.